कपाटाची पाठ कोण बघतं

१ नोव्हेंबर १९५५, मंगळवार

कपाट आलं. बीट वाहायच्या गाडीवरून, दोन गोधड्यांत गुंडाळून. वर्नर गाडीबरोबर चालत आला, एक हात सारखा कपाटावर. मला बाळंतपणानंतर घरी आणलं तेव्हा हाच माणूस पुढे गाडीवानाशी गप्पा मारत बसला होता. मी काही म्हणत नाही.

कपाट म्हणजे वर्नरची परीक्षा. होल्म मिस्त्रींकडे इतकी वर्षं उमेदवारी केली, आता परीक्षकांनी हे एक काम पास केलं की तो पक्का सुतार. मग मिस्त्री त्याला कायमचा ठेवून घेणार. फेल झाला तर पुन्हा उमेदवार. बायको-पोरवाला उमेदवार म्हणजे आख्ख्या आसेन्स गावाला हसायला विषय. वर्कशॉपचं छप्पर उतरवलंय म्हणून परीक्षेपर्यंत कपाट आमच्याकडे. स्वयंपाकघर सोडलं तर एकच खोली, तिच्यात पलंग, बाबागाडी, बाळ, मी आणि आता हे.

वर्नरने नियम सांगितले. आत काही ठेवायचं नाही. वर काही ठेवायचं नाही. पाणी लावायचं नाही. खोली कोरडी ठेवायची. मी म्हटलं, एवढंच ना?

रोजनिशी लिहायला घेतली आहे. सहज. घाबरले वगैरे काही नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

वर्नर मिस्त्रींबरोबर एरो बेटावर गेला. चर्चचे बाक बसवायचेत. सतरा तारखेला संध्याकाळी येणार, अठराला परीक्षा, वीसला रविवारी बाळाचा बाप्तिस्मा. सगळं एकाच आठवड्यात आलं ते बरंच झालं. काय घाबरायचं ते एकदाच घाबरून होतं.

मी घाबरत नाही हे काल लिहिलंच आहे.

बाळ दुपारभर रडलं. पाजलं, फिरवलं, पाठ थोपटली. शेवटी मी पण थोडी रडले. त्यामुळे दोघांनाही बरं वाटलं.

ठराव: कपाटाला हात लावायचा नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार

कपाट उघडलं. फक्त बघायला.

त्याच्या दाराला बिजागरी नाही. बोटाएवढ्या सागवानी पट्ट्या आतून कापडावर चिकटवल्यात. दार खाचेतून सरकतं, कोपऱ्यावर वळतं आणि कपाटाच्या पोटात गडप होतं. हे लाकूड सयामवरून बोटीने आलं म्हणे. माझ्यापेक्षा जास्त प्रवास केलेला आहे त्याने. उघडताना खर्रर्र असा आवाज येतो, मांजराच्या गळ्यातून येतो तसा. आणि चमत्कार! बाळ रडायचं थांबलं. बंद केलं, रडायला लागलं. उघडलं, थांबलं.

नियम ‘आत काही ठेवायचं नाही’ असा आहे. उघडायचं नाही असं वर्नर म्हणाला नव्हता. मी नीट ऐकलं होतं.

५ नोव्हेंबर, शनिवार

सासूबाई आल्या. बाप्तिस्म्याचा झगा घेऊन आल्या. पांढरा, लांबच लांब, तीन पदरी कागदात. वर्नरच्या आजीपासून घरातलं प्रत्येक पोर ह्याच झग्यात चर्चला गेलंय. झग्याच्या खालच्या दुमडीत आतून सगळ्यांची नावं भरलेली आहेत, निळ्या दोऱ्याने. वर्नरचं पण आहे.

त्या म्हणाल्या, हा अंधारात ठेवायचा, कोरड्यात ठेवायचा, सपाट ठेवायचा. मग खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, पण तुमच्याकडे असली जागा कुठली असायला.

मी म्हटलं, आहे की जागा.

म्हणाल्या, कुठे? पलंगाखाली?

मग मी गेले आणि खर्रर्र करून कपाट उघडलं. सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. झगा वरच्या फळीवर ठेवला. त्यांनी दोनदा सरळ केला. जाताना विचारलं, बाळाचं नाव काय ठरवलंय? मी म्हटलं, बाप्तिस्म्याआधी सांगायचं नसतं, तुम्हीच शिकवलंत. एक दिवस माझा.

(नाव इब ठरलंय. लहान, सुटसुटीत. सासूबाईंना कै. सासऱ्यांचं लाउरिट्स हवंय, त्या बोलत नाहीत पण मला कळतं.)

झगा म्हणजे सामान नव्हे. झगा म्हणजे धार्मिक वस्तू.

७ नोव्हेंबर, सोमवार

पाऊस, पाऊस. साखर कारखान्याच्या बीटचा वास खिडकीच्या फटीतून आत. शेगडीवर दोरी बांधून लंगोट वाळत घातलेत. वाळत नाहीत. नुसते लोंबतात आणि टपकतात. खोली कोरडी ठेव म्हणाला होता, पण तो पावसाशी बोलला नव्हता.

नर्सबाईंचं कार्ड आलं. उद्या बाळाचं वजन करायला येणार.

मला काही भीती नाही. सगळ्यांकडेच येतात त्या. पण लग्नाआधी मोठ्या शेतावर माझ्याबरोबर एक पोरगी कामाला होती, एल्ली. तिच्याकडे नर्स आली, मग आणखी एक बाई आली, आणि मग पोर कुठल्यातरी दुसऱ्या गावी वाढायला गेलं. एल्लीची खोली म्हणे ओलसर होती.

आमची ओलसर नाही. आमच्याकडे फक्त लंगोट आहेत.

८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ

नर्सबाई चौकाच्या कोपऱ्यावर दिसल्या, सायकल हातात. दोरीवर सगळे लंगोट. पलंगाखाली जागा नाही. स्वयंपाकघरात भांडी, ती पण दाखवण्यासारखी नाहीत.

एकच जागा होती. खालच्या फळीवर कोंबले. अगदी थोडा वेळ.

दुपार

नर्सबाई म्हणाल्या, किती टापटीप घर! म्हणाल्या, इतक्या घरांत जाते, सगळीकडे लंगोटांची तोरणं, तुमच्याकडे एक नाही. बाळाचं वजन चांगलं भरलं. मी कॉफी दिली. त्या कपाटाकडे बघत म्हणाल्या, नवरा कारागीर दिसतो. मी म्हटलं, हो, आणि मी शिस्तीची आहे.

आजपर्यंत मला कोणी टापटीप म्हटलेलं नव्हतं. आई तर मला डुकरांचा वाडा म्हणायची. गेटपर्यंत नर्सबाईंना सोडायला गेले. परत आले तर खोली खरंच मोठी दिसत होती.

ठराव: आता असंच राहायचं.

९ नोव्हेंबर, बुधवार

असंच राहिले. लंगोट धुतले की पिळून थेट कपाटात. बाळाची दुपटी. माझे मोजे. बाबागाडीची रजई, तिच्यावर पाऊस पडला होता. दुधाचं पातेलं ठेवलं नाही, मी काही वेडी नाही. गरम पाण्याची किटली ठेवली होती, पण तिला झाकण आहे.

वरच्या मजल्यावरच्या स्कोवबाई साखर मागायला आल्या. विधवा आहेत, काळ्या विड्या ओढतात, माणूस मेल्यापासून फारच खूश असतात. म्हणाल्या, पोरी, आज काय राजा येणार आहे का? घर कुठे गेलं सगळं?

मी म्हटलं, माझी पद्धत आहे.

१० नोव्हेंबर, गुरुवार

सेंट मार्टिनची संध्याकाळ, घरोघरी बदक. सासूबाईंकडे जेवलो. बदक छान. लाल कोबी जरा आंबट, पण मी बोलले नाही. सासूबाईंनी विचारलं, झगा कोरड्यात आहे ना? मी म्हटलं, त्याच्याहून कोरडी जागा गावात नाही.

घरी आले. बाळाला बदलायचं म्हणून कपाट उघडायला गेले.

उघडलं नाही.

पुन्हा ओढलं. दोन पट्ट्यांएवढी फट पडली आणि तिथेच अडलं. आता मागेही नाही, पुढेही नाही. खर्रर्र नाही म्हटल्यावर बाळाने सूर लावला. फटीतून माझा एक मोजा दिसतो.

दमलं असेल. नवीन लाकूड आहे. उद्या उघडेल.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

उघडलं नाही.

सगळे लंगोट आत. बाळाला वर्नरच्या जुन्या शर्टात गुंडाळलं. दुपारी नव्या शर्टात.

स्कोवबाईंना हाक मारली. त्यांनी दारावर टिचकी मारली, कान लावला, विडीचा झुरका घेतला आणि म्हणाल्या, लाकूड प्यायलंय. आमचे हे असेच पीत, मग असेच फुगत, आणि मग दारातून आत यायला तयार नसत. मी विचारलं, मग तुम्ही काय करायचात? म्हणाल्या, काही नाही. सकाळपर्यंत बाहेर ठेवायचे, वाळले की यायचे.

त्यांनी खाचेला मेणबत्ती घासली. साबण घासला. मग आम्ही दोघींनी मिळून ओढलं. स्कोवबाईंचं नख तुटलं. म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याने काम पक्कं केलंय हे मानलं पाहिजे.

झगा आत आहे हे त्यांना सांगितलं नाही. घरातली गोष्ट घरात.

१२ नोव्हेंबर, शनिवार

प्लॅन: शेगडी पेटवायची. लाल होईस्तोवर. लाकूड वाळेल, दार उघडेल.

कपाट शेगडीजवळ ढकललं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने पण मीच, आलटून पालटून. खोली इतकी तापली की बाळ लाल, मी लाल. शर्ट धुतलेले होते ते वाळत घातले म्हणून काचांवरून पाणी गळायला लागलं.

संध्याकाळी कपाटातून टक् असा आवाज आला. मी ऐकला नाही असं ठरवलं. जुन्या घरात आवाज येतातच.

कपाट पुन्हा जागेवर ढकललं.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज चर्चनंतर सासूबाई थेट इकडे. म्हणाल्या, झगा दे. बाळाचं नाव भरायचंय त्याच्यात, नाव सांग, घरी नेऊन भरते. माझ्या सासूने वर्नरचं भरलं होतं, आता माझी पाळी.

मी कपाटासमोर उभी राहिले. स्कर्ट पसरून. म्हटलं, मी स्वतः भरणार आहे.

त्या म्हणाल्या, तू?

मी म्हटलं, हो.

त्या म्हणाल्या, तू वर्नरच्या कोटाला बटण लावलं होतंस, तो कोट आता काढताच येत नाही.

मी म्हटलं, आईने भरलेलं नाव मुलाला लाभतं. असं काही मी कुठे ऐकलेलं नाही, पण त्यांनीही नव्हतं ऐकलं, म्हणून चाललं. म्हणाल्या, बुधवारी येते बघायला. मग बाळाकडे बघून म्हणाल्या, ह्याला वर्नरचा शर्ट का घातलाय? मी म्हटलं, बापाची आठवण येते त्याला.

त्या गेल्यावर बराच वेळ पलंगावर बसून राहिले. दार ओढलं. बसले. ओढलं. आत माझ्या सासूच्या घरातली सगळी माणसं आहेत, निळ्या दोऱ्याने भरलेली, ओल्या लंगोटांच्या डोक्यावर. आणि बाहेर मी.

१४ नोव्हेंबर, सोमवार

सुरीने. नाही.

लाटण्याने. नाही.

प्रार्थनेने. नाही. पण प्रार्थना करताना डोळे मिटले आणि तेवढ्यात झोप लागली, तो एक फायदा.

स्कोवबाई म्हणाल्या, एरोला तार कर, नवऱ्याला बोलाव. मी म्हटलं, छे, एवढ्याशा गोष्टीसाठी? म्हणाल्या, एवढीशी असती तर तुझं तोंड असं झालं नसतं.

माझं तोंड नेहमीसारखंच आहे. आरशात बघितलं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

सुचलं! इतके दिवस समोरून डोकं आपटत होते. कपाटाला पाठ असते!

आमच्या घरी कपाट होतं, त्याची पाठ म्हणजे फळकुटं आणि खिळे. एक फळी तर नव्हतीच, तिथे भावाने साखरेचं पोतं ठोकलं होतं. शेतावरच्या मालकिणीचं मोठं कपाट होतं, काचेचं, त्याच्या मागे तर कोळी राहायचे. कपाटाची पाठ भिंतीसाठी असते. ती कोण बघतं? पुढून तोडलं तर सगळ्यांना दिसेल. मागून काढलं तर फक्त भिंतीला.

सकाळी बाळाला बाबागाडीत घालून बाहेर झोपवलं. कपाट फिरवलं. वर्नरने उगाच पाठ पण पुढच्यासारखीच गुळगुळीत केलीय, वेळ गेला असेल बिचाऱ्याचा. एक खिळा नाही. कुठून सुरू करायचं तेच कळेना. शेवटी शेगडीची सळई खालच्या फटीत घातली आणि वजन टाकलं. मोठा आवाज झाला. स्कोवबाईंनी वरून विचारलं, जिवंत आहेस का? मी ओरडले, फर्निचर हलवतेय!

एक तुकडा निघाला, मग दुसरा. हात गेला. झगा निघाला!

तीनपदरी कागद खालून भिजून तपकिरी झाला होता. झगा कोरडा. फक्त खालच्या दुमडीवर सागवानाच्या तेलाचा एक पट्टा, वितीपेक्षा मोठा. धुतला, गेला नाही. लंगोटांना बुरशी आलीय, पण ते काय, उकळले की झालं.

संध्याकाळ

पट्ट्यावर नाव भरलं. निळा दोरा, जाड टाके, खालचं काही दिसायला नको. इब संपलं तरी पट्टा संपेना. इतकं छोटं नाव ठेवू नये माणसाने. मग काय करणार, पुढे लाउरिट्स भरलं. आता बरोबर पुरलं.

तर बाळाचं नाव इब लाउरिट्स.

पाठीचे तुकडे परत बसवले. पिठाची खळ, वरून खिळे, खिळ्यांवर बुटाचं पॉलिश. कपाट भिंतीला लावलं. समोरून बघितलं. जसं होतं तसं. बाळाला आत घेतलं आणि पाय पसरून कॉफी प्यायले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा गरम. मी उगाच स्वतःला कमी समजते.

१६ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाई आल्या. चष्मा लावला. झगा उलटा केला. मी हात पाठीमागे धरून उभी, बोटांना भोकं पडलीत ती दिसू नयेत म्हणून.

त्या वाचत होत्या ते ओठांवरून दिसत होतं. इब. मग लाउरिट्स. मग पुन्हा लाउरिट्स. चष्मा काढला. पुसला. म्हणाल्या, टाके घोड्याच्या खोगिराचे आहेत. मग म्हणाल्या, आस्ता, तू त्यांचं नाव ठेवलंस.

लग्नाला दोन वर्षं होत आली, मला नावाने हाक पहिल्यांदा मारली. नाहीतर ‘ती’.

मी म्हटलं, पहिल्यापासून मनात तेच होतं. आणि खरंच होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

जाताना विचारलं, झग्याला लाकडाचा वास का येतो? मी म्हटलं, टिकतो म्हणे त्याने कपडा. म्हणाल्या, असेल.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दार आपोआप उघडलं! एका बोटाने. खर्रर्र. ओले लंगोट निघाले आणि मागच्या फटींतून दोन दिवस हवा लागली म्हणून असेल. बाळ हसलं. म्हणजे दोन दिवस थांबले असते तरी... पण थांबणं माझ्या स्वभावात नाही.

आत पुसून घेतलं, कोरड्या फडक्याने, नियमाप्रमाणे.

संध्याकाळी वर्नर आला. खारट वाऱ्याने नाक सोललेलं. आधी बाळाला उचललं, मग कपाटावरून हात फिरवला, मग दार सरकवलं आणि डोळे मिटून आवाज ऐकला. नाव ऐकून तर त्याने मला उचललंच. म्हणाला, आईने तुला आस्ता म्हटलं? खरंच?

मग जेवताना बोलायला लागला. वर्नर जेवताना बोलत नाही. उद्याच्या आनंदाने बोलत होता. म्हणाला, दार बघून लोक खूश होतात, पण दार काय, कोणीही करेल. मी सगळ्यात जास्त दिवस पाठीवर घालवलेत. बाजूच्या फळीची नक्षी कोपऱ्यावरून वळून पाठीवर पुढे जाते, एकाच झाडाची, न तुटता. हे कपाट भिंतीला लावायचंच नाही, खोलीच्या मध्यभागी ठेवायचं. मिस्त्री म्हणतात, तोंड गिऱ्हाइकासाठी असतं, पाठ सुतारासाठी. परीक्षक येतात ते आधी कपाट फिरवतात.

मी ब्रेडला लोणी लावत होते. दुसऱ्या बाजूलाही लावलं.

सांगायचं ठरवलं. जेवण झाल्यावर. मग वाटलं, कॉफी होऊ दे. मग तो पाठ दाखवायला उठला तर मी म्हटलं, नको, बाळ जागं होईल, उद्याच बघेन सगळ्यांबरोबर. त्याला ते आवडलं. म्हणाला, खरंच येशील? मग मीच कपाट गोधड्यांत गुंडाळलं. तो म्हणाला, अगं किती घट्ट बांधतेस.

सकाळी सांगणार. ताज्या डोक्याने सांगितलेलं बरं असतं.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी ठरल्या वेळेच्या आधीच आली. मी काय करणार.

बाबागाडी ढकलत मागून टेक्निकल शाळेत गेले. चालता चालता ठरवत होते: पुलापाशी सांगीन. चर्चपाशी सांगीन. वर्नर दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचा आणि हसायचा. हसणाऱ्या माणसाला काय सांगणार?

हॉलमध्ये बायकांना जायचं नसतं, पण सामान आणायला दार उघडं होतं, तिथे उभी राहिले. तीन म्हातारे परीक्षक, काळे कोट. होल्म मिस्त्री बाजूला. गोधड्या सोडल्या. एक म्हातारा दाराकडे बघून ‘वा’ म्हणाला. मला वाटलं, झालं, पास. आता निघतील.

मग त्यांनी टोप्या खाली ठेवल्या, दोघांनी दोन बाजूंनी कपाट धरलं आणि फिरवलं.

पॉलिश उजेडात वेगळंच दिसतं. एक खिळा वाकडा होता, मला तो सरळ वाटला होता. मिस्त्री म्हणाले, हे काय आहे? माझ्या वर्कशॉपमधून हे असं गेलेलं नाही. एक परीक्षक म्हणाला, हे कोणी केलं?

वर्नरने वाकून पाठीला बोट लावलं. बोटाला खळ लागली. त्याने वास घेतला. मग वर बघितलं आणि दारात मी होते. बाबागाडीचा दांडा धरून.

मी तोंड उघडलं होतं. ते लिहून ठेवते. उघडलं होतं.

वर्नर म्हणाला, मी. घाई झाली.

परीक्षक म्हणाला, घाई? ही घाई आहे? ही मारामारी आहे.

फेल. वसंतात पुन्हा नवीन काम करून आणायचं. मिस्त्री त्याच्याशी न बोलता गेले.

परत येताना बाबागाडी वर्नरने ढकलली. मी बाजूने चालत होते आणि सगळं सांगत होते, नर्सबाई, एल्ली, पाऊस, झगा, सळई. एकदम सगळं आलं, मागचं पुढे नि पुढचं मागे. तो ऐकत होता. पुलावर थांबला. म्हणाला, आस्ता, दार का नाही तोडलंस? दार मी एका दिवसात परत केलं असतं.

 

२० नोव्हेंबर, रविवार

बाप्तिस्मा झाला. इब लाउरिट्स पाणी पडल्यावर ओरडला, सासूबाई म्हणाल्या, अगदी आजोबांचा आवाज. झगा शोभला. पट्टा कोणाला दिसला नाही.

नंतर सासूबाईंकडे कॉफी. सगळे आले होते. गावाला कळलेलं आहेच. वर्नरचे काका म्हणाले, काय रे, पाठीला खिळे मारतात होय हल्ली? सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, लहानपणापासून घाईचाच आहे माझा मुलगा, बायको बघा कशी धीराची मिळाली. वर्नर कपात साखर ढवळत होता. त्याने साखर घातलेलीच नव्हती.

मी ठरवलं, आता बस. चमच्याने पेल्यावर वाजवलं. भाषण करायचं असलं की वाजवतात तसं. सगळे गप्प झाले. मी उभी राहिले. वीस तोंडं माझ्याकडे.

मी म्हटलं, मला एक सांगायचंय. केक अजून खूप उरलाय.

सगळ्यांनी घेतला.

बसले तेव्हा वर्नरने टेबलाखालून माझा हात धरला. धरला म्हणजे थांबवला, की नुसताच धरला, ते कळलं नाही. मग पुन्हा उठले. सासूबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या पाठीला सांगितलं, कारण त्या भांडी घासत होत्या. ती पाठ मीच फोडली. वर्नरने नाही. त्या घासत राहिल्या. बराच वेळ एकच बशी. मग म्हणाल्या, आणि नाव? तेपण पट्टा झाकायलाच?

मी हो म्हटलं.

त्यांनी बशी पुसली, ठेवली, आणि पुढची घेतली. म्हणाल्या, भरलंय ते भरलंय. आता उसवायचं नाही.

मला वाटतं त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला पुसायला फडकं दिलं नसतं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

होल्म मिस्त्री वर्नरला वसंतापर्यंत उमेदवार म्हणूनच ठेवणार. पगारही उमेदवाराचा. नापास झालेलं कपाट परत आलं, वर्नरने ते भिंतीला लावलं. खोली आणखी लहान झाली. लंगोट दोरीवर आहेत, सगळ्यांसमोर. नर्सबाई परत येतील तेव्हा येऊ देत. मी अजिबात घाबरत नाही. थोडी घाबरते.

संध्याकाळी वर्नर टेबलाशी बसून नव्या कपाटाचं चित्र काढत होता. पट्ट्यांचं दार नाही, साधं बिजागरीचं. मागे जाळी असणार, हवा खेळायला. कुठल्या परीक्षकाला आवडेल कोण जाणे, पण तो काढत होता. मध्येच मान वर न करता त्याने विचारलं, घडी घातलेला लंगोट केवढा असतो?

मी त्याला ताबडतोब सांगितलं. न मोजता. मी दिवसभर तेच तर करते, माझ्या हाताला माहीत आहे.

तो उठला, दोरीवरून एक लंगोट काढला, घडी घातली, आणि स्वतः मोजला.